कोटाच्या पिवळ्या गुंड्या

नंदुरबार, कार्तिक वद्य तृतीया, १९३८

प्रकाशा गावची ती म्हातारी आज स्टुडिओत आली होती. तीन वर्षांपूर्वी तिच्या मुलाचा फोटो मीच काढला होता, पुढच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. पदरातून फोटो काढून तिने माझ्यापुढे धरला. चेहरा पिवळा पडून विरत चाललाय. म्हणाली, "भाऊ, मी रोज वल्ला बोटघाई त्याले गंध लावस. मन्हा बोटमुयेच त्यान्हं तोंड गयं का?"

आणि मी काय म्हणालो? "हा माय, फोटोले पाणी चालत नही."

ओल्या बोटाने गंध ती फक्त त्याच्या कपाळाला लावायची. फोटोतल्या कोटाच्या गुंड्याही पिवळ्या पडल्यात, तिथे कुठलं गंध? हायपोच्या औषधातून काढलेला फोटोचा कागद तासभर बदलत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर राहिलेलं औषध त्याला आतून खातं. त्याचा फोटो काढला त्या वैशाखात विहीर आटली होती, वर लग्नसराईची घाई. सगळे फोटो मी एकाच घंगाळात बुचकळून वाळत टाकले. पाणी जास्त झालं नव्हतं, कमी पडलं होतं. असे अजून किती घरांत असतील?

त्याच्या फोटोची मूळ काच, निगेटिव्ह, जपून ठेवली आहे. उद्या नवा छापीन, विहिरीवर बसून नीट धुवीन. तो टिकेल. पण त्या गुंड्या डोळ्यांपुढून जात नाहीत. जाताना ती म्हणाली, "आते मी त्याले दूरतीनच देखसु."

फोटो टपालाने जाईल. खरं सांगायला मात्र मलाच प्रकाशाला जावं लागेल, आणि मी मघापासून टपालाचं पाकीट शोधतोय.