कोरी पट्टी

४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा फोन ड्यूटीभर कपाटात आणि माझा रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर टोपलीत. दोघींना सवड मिळते तेव्हा दोघीही झोपेत असतो. म्हणून पुन्हा पत्रावर आले. हसू नकोस.

सध्या एका परदेशी मालिकेचे संवाद डबिंगसाठी आपल्या भाषेत लिहिते आहे. त्यात झोपताना म्हणायचं एक साधंसं वाक्य आहे. लेखकाला त्याचं इतकं वेड, की प्रत्येक भागात कोणी ना कोणी ते म्हणतंच. म्हणताना त्या लोकांचे ओठ शेवटी मिटतात, म्हणून मलाही ओठ मिटणारा शब्द हवा होता. दोन दिवस डोकं खाजवलं. मग एकदम बाबांचं गाद्यांचं दुकान आठवलं, आणि पूर्वी प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात ते लाल दोऱ्यानं अक्षरं भरलेली जी पट्टी लावायचे ती आठवली. निवांत झोप. 'झोप' म्हटलं की ओठ आपोआप मिटतात. दिग्दर्शकानं ऐकलं आणि मान डोलावली. आमच्याकडे यालाच बक्षीस म्हणतात.

गंमत पुढेच आहे. पहिल्या भागात आई लेकराला हे म्हणते, तेव्हा त्यात माया असते. तिसऱ्यात खलनायक हातात उशी घेऊन तेच म्हणतो, आणि माझ्या अंगावर काटा येतो. पाचव्यात प्रेयसी दारात उभी राहून म्हणते, म्हणजे जाऊ नकोस. सहाव्यात एक पुढारी सभेत सांगतो की तुम्ही निवांत झोपा, आम्ही जागे आहोत. ते ऐकून लोकांनी घरी जाऊन कुलपं तपासावीत. आता मला जिथे तिथे हेच दिसायला लागलंय. बसथांब्यावर तिजोरीची जाहिरात, रेडिओवर ताटातुटीचं गाणं, भुताच्या सिनेमाचं पोस्टर. काल तर मैदानात गोल खाल्लेल्या गोलरक्षकाला अख्खा स्टँड सुरात तेच सांगत होता. वहीत यादी करते आहे, पंधरा अर्थ झाले. ऑपरेशन थिएटरमधला तुझा अर्थ कळव, म्हणजे सोळा होतील.

बाबांचं काय ठरलं? पित्ताशयाच्या ऑपरेशनची दुसरी तारीखही त्यांनी चुकवल्याचं तुझ्या निरोपात होतं. मी इतक्या लांब, आणि सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात. वाईट वाटतं गं.

कळावे. आहे तो लोभ असू द्यावा, जमल्यास थोडा वाढवावा.

तुझी,
टकळी


१२ सप्टेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या सिस्टरांना वाचून दाखवली. गोलरक्षकापाशी एकीला ठसका लागला.

आमच्याकडचा अर्थ लिहून घे. पेशंट टेबलावर असतो, वर तो मोठा दिवा, सगळ्यांचे चेहरे झाकलेले. भुलीचे डॉक्टर औषध सोडतात आणि मी कानाशी वाकून म्हणते, निवांत झोपा. एकोणीस वर्षं म्हणते आहे. त्याचा अर्थ एवढाच, की मी इथून हलणार नाही. एका म्हाताऱ्या मास्तरांनी मला विचारलं होतं, की परत उठवायची जबाबदारी कोणाची. मी म्हटलं, माझी. त्यानंतरच्या दहा सेकंदांत माणसं कुठे कुठे जाऊन येतात. कोणी सांगतं नाव किनाऱ्याला लागली. कोणी मला वाळत घातलेले कपडे काढायला सांगतं. परवा एक बाई इतकं गोड हसल्या, की शुद्धीवर आल्यावर विचारावंसं वाटलं कोण भेटलं होतं. विचारलं नाही. त्यांचं त्यांच्यापाशी.

बाबांनी तिसरी तारीखही बुडवली. पहिल्यांदा वसतिगृहाच्या गाद्या द्यायच्या होत्या, दुसऱ्यांदा हवा ढगाळ होती, या वेळी हॉस्पिटलची चिठ्ठीच हरवली. ती मला गाद्यांच्या थप्पीखाली सापडली, नीट चार घड्या घातलेली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा जोराचं दुखणं उठलं तर पित्ताशय फुटेल, आणि या वयात ते जिवावर बेतेल. मी विनवण्या केल्या, चिडले, रडले सुद्धा. ते दाभणात दोरा ओवत राहिले.

एकाच झटक्यात ओवला गं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं. आई गेल्यापासून त्यांनी पट्टीवर अक्षरं भरली नाहीत. गादीला पट्टी लावतात, पण कोरी. डोळे अधू झाले असतील असं आपण धरून चाललो. डोळे ठणठणीत आहेत. पट्ट्या अजून त्याच जुन्या कात्रीनं कापतात, पात्याला खाच आहे ती, त्यामुळे प्रत्येक पट्टीच्या कडेला एक दात सुटलेला असतो. नवी कात्री आणून दिली तर खोक्यात ठेवून दिली. दुपारचं ऊन तिरकं आत येतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत असतात, आणि हे मधोमध बसून कोऱ्या पट्ट्या शिवतात. आत पाऊल टाकलं की आपणच झोपेत आहोत असं वाटतं.

रविवारी तुझी यादी त्यांना वाचून दाखवते. निदान हसतील.

वेळेवर जेवत जा. लोभ करतेस तो कमी करू नये.

तुझी,
ताई


२१ सप्टेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

यादी वाचली. खलनायकाला बाबा पोटभर हसले. त्यानं धरलेली उशी नक्की कापसाची नसणार, म्हणाले, कापसाच्या उशीनं असली कामं होत नाहीत. पुढाऱ्यालाही हसले. यादी संपली आणि खोळीवरून हात फिरवत म्हणाले, की एक अर्थ राहिला. पुरे आता.

मला वाटलं, वाचन पुरे म्हणताहेत. मी पत्राची घडी घातली. तर म्हणाले, अर्थच तो. आणि मग बावीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

आई गेली त्याच्या आदल्या रात्रीचं. मी तेव्हा नर्सिंगच्या वसतिगृहात, तू अकरा वर्षांची. बाबा दिवसभर गाद्या भरून दमून पडले होते. आई शेजारी बसली आणि म्हणाली, एक सांगायचंय, रागावणार नसाल तर. बाबांनी डोळे न उघडता सांगितलं, निवांत झोप आता, सकाळी बघू. ती उठून आत गेली. सकाळ काही तिला बघायला मिळाली नाही. झोपेतच हृदय बंद पडलं, हे तुला माहीत आहे.

बाबांना वाटतं, तिच्या छातीत दुखत असणार आणि तेच ती सांगायला आली होती. रागावणार नसाल तर म्हणाली, कारण त्यांची झोप मोडत होती. आपण ऐकलं असतं तर रातोरात डॉक्टर आणला असता, असं ते बावीस वर्षं धरून बसले आहेत. आणि आता त्यांना टेबलावर आडवं करून मी तेच दोन शब्द म्हणणार. ते मला म्हणाले, "मला झोपवू नकोस गं. मी तिला तसंच झोपवलं."

टकळे, छातीत दुखलं नसेल, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? मी नर्स आहे, दुखलंही असेल हे मला कळतं. नवी तारीख सोळा ऑक्टोबरची आहे. ते येणार नाहीत, आणि पुढचं दुखणं कधी उठेल याचा नेम नाही. खूप भीती वाटते.

सुचेल ते लिही. लोभाची आज खरंच गरज आहे.

तुझी,
ताई


२६ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं. कालचा दिवस कामावर गेले नाही. तुम्हाला काय लिहायचं याची पाच पानं फाडली. आता सरळ लिहिते. तुम्हाला रागावायचं तेवढं रागवा.

आई तुम्हाला काय सांगणार होती ते मला माहीत आहे. ती माझ्याबद्दल सांगणार होती.

शाळेच्या नाटकात मला चंद्र व्हायचं होतं. पुठ्ठ्याचा चंद्र मला नको होता, चमकणारा हवा होता. त्या दिवशी तुम्ही तासभर माल पोचवायला गेला होतात. मी तुमची मोठी कात्री घेतली, जिला हात लावायची आम्हाला बंदी होती, आणि तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. चंद्र झाला, पण पात्याला खाच पडली. ती खाच माझी आहे, बाबा. आईनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मी इतकी रडले की शेवटी तीच म्हणाली, मी सांगते त्यांना, आधी रागावणार नसाल तर असं विचारून घेते म्हणजे बांधले जातील.

रात्री मी पडद्याआड जागी होते. आईनं तुम्हाला तेच विचारलं आणि तुम्ही सकाळी बघू म्हणालात. मग ती माझ्याकडे आली. तोंडावर पदर धरून हसत होती. अंथरुणाच्या कडेला बसली, माझ्या नाकाला चिमटा काढला आणि कानात म्हणाली, "आज वाचलीस. निवांत झोप." मग माठातलं पाणी प्यायली, चंद्र कपाटामागे लपवला आणि गुणगुणत आपल्या जागेवर गेली. बाबा, तिला काही दुखत नव्हतं. तिला सगळ्यात शेवटी मी बघितलं. ती मजेत होती.

दुसऱ्या दिवशी घरात काय झालं ते तुम्ही जाणता. कात्रीची चौकशी कोणी केली नाही आणि मी तोंड उघडलं नाही. पुढे वाटायला लागलं, की आई गेलेल्या घरात कात्रीचं काय सांगायचं. दिवसभर बडबड करणारी मी, या एका गोष्टीवर बावीस वर्षं गप्प बसले. तुम्हाला हीच गोष्ट कळायची राहिली होती हे ठाऊक असतं तर तेव्हाच धावत आले असते. पंधरा अर्थांची यादी केली, त्यात आईचा हा अर्थ मीसुद्धा घातला नव्हता.

मला क्षमा करा, आणि सोळा तारखेला ताईबरोबर जा. दुसरं काही मागत नाही.

कळावे. तुमचा लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्त होता, तो तसाच राहू द्यावा.

तुमची,
टकळी


१८ ऑक्टोबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

निरोपाप्रमाणे बाबा सुखरूप आहेत. पित्ताशयातले खडे बाटलीत घालून उशाशी ठेवलेत आणि येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवतात. आता सगळं सविस्तर लिहिते.

तुझं पत्र त्यांनी दुकानातच वाचलं. मी समोर होते. वाचून कात्री उचलली, खाचेवरून अंगठा फिरवला आणि एकदम हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मीही रडले. गिऱ्हाईक आलं होतं, ते बिचारं पायरीवरूनच परत गेलं. त्या आठवड्यात ती कात्री आपल्याच हातून पडली असेल, असं त्यांना वाटायचं. भान कुठे होतं, म्हणाले.

सोळाला माझ्याआधी तयार होऊन बसले होते. टेबलापाशी मात्र माझीच गाळण उडाली. एकोणीस वर्षांची सवय, वाक्य जिभेवर येऊन थांबलं आणि मी दात आवळून उभी. तेवढ्यात बाबांनी मास्क बाजूला करून खोलीतल्यांना विचारलं, की कोणाला मला काही सांगायचं राहिलंय का. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भुलीचे डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षी मी गादी दुसऱ्या दुकानातून घेतली. मी म्हटलं, दुकानाची काच शेजारच्यांनी नव्हे, मी फोडली होती. बाबा म्हणाले, ते ठाऊक आहे. मग माझा हात दाबला आणि म्हणाले, "आता म्हण तुझं ते."

मी म्हटलं, बाबा, निवांत झोपा. त्यांनी 'निवांत झोप' असं स्वतःशी म्हणून बघितलं, आणि तू लिहिलंस तसे ओठ मिटले. त्या दहा सेकंदांत त्यांनी मला एकच विचारलं, चंद्र कपाटामागेच आहे ना. मी आहे म्हटलं.

तेव्हापासून मी एक नवीन सुरू केलंय. प्रत्येक पेशंटला आधी विचारते, काही सांगायचं राहिलंय का. डॉक्टर घड्याळ बघतात, पण थांबतात. आज एका आजोबांनी बायकोला निरोप दिला, की काल भाजीत मीठ जास्त नव्हतं, मी उगीच बोललो. मी तो बाहेर जाऊन पोचवला.

लवकर ये. लोभाचं काही लिहीत नाही, तो आता भरपूर आहे.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तब्येत बरी आहे. ताई वजन उचलू देत नाही, म्हणून बसून शिवायची कामं करतो. कपाटामागे चंद्र नव्हता. कोणीतरी केव्हाच केरात टाकला असेल. कात्रीची शिक्षा तुला व्हायलाच हवी. दुकानात पट्ट्यांची एक थप्पी कोरी पडली आहे. सुट्टी काढून ये आणि त्यावर अक्षरं भर. कात्री धार लावायला नेली होती, दुकानदारानं विचारलं खाच काढू का. नको म्हणून परत आणली.

सोबत एक पट्टी पाठवतो. तुझी आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती शिवायला घेतलेली होती. 'निवांत' झालं होतं, 'झोप' राहिलं होतं. इतकी वर्षं ती दाभणाच्या डबीत होती. काल पुरी केली. जुना दोरा फिका पडलाय आणि नवा भडक दिसतो, दोन शब्द एकमेकांना जुळत नाहीत. चालवून घे.

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. तिला काही दुखत नव्हतं, ती ओळ रोज एकदा वाचतो आणि दिवा मालवतो. परवा ती स्वप्नात आली. पदर तोंडाला लावून हसत होती.

कळावे. लोभ आहेच. काही सांगायचं असेल तर रात्रीच सांगत जा, सकाळची वाट बघू नकोस.

तुझे,
बाबा