आधी आभार, मग माफी

प्रिय ठमे,

हे बाहेर गेलेत म्हणून लिहायला बसलेय. निवांत कसलं, एक कान जिन्याकडेच आहे. फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही. तुझ्याकडे सारखं कुणी ना कुणी आलेलं असतं, नाहीतर तुझ्या नवऱ्याच्या औषधाची वेळ झालेली असते. आणि इकडे फोन वाजला रे वाजला की तुझे बाबा पेपर मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मग मी आपली 'हो का', 'बरं बरं' करत राहते, आणि फोन ठेवल्यावर 'काय म्हणत होती?' ह्याला 'काही नाही, मजेत आहे' असं उत्तर देते. मजेत! जीभ कशी झडत नाही माझी कोण जाणे. मोबाइलवर लिहायचं म्हटलं तर माझं एक बोट आणि ती मुंगीएवढी अक्षरं, 'कशी आहेस' लिहीपर्यंत संध्याकाळ व्हायची. म्हणून कागदावर लिहून पानांचे फोटो पाठवते. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ, पण शेवटपर्यंत वाच.

काल तू म्हणालीस की डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं, आता दुखू नये एवढंच बघायचं. मी फोन ठेवला आणि वाळलेले कपडे घड्या करायला घेतले, आणि सगळ्या घड्या झाल्यावर पुन्हा मोडून पुन्हा केल्या. दुसरं काय करणार होते? बोलतो का, असं मी विचारलं तर म्हणालीस, फारसं नाही, झोपूनच असतो, पण ऐकू येतं सगळं. आणि लगेच पुन्हा तेच वचन घेतलंस माझ्याकडून, बाबांना ह्यातलं काही सांगायचं नाही. दयेपोटी लिहिलेली माफी मला नको आणि त्यालाही नको, मनापासून वाटलं तर लिहितील, नाहीतर राहू दे. मी हो म्हटलं. पण ठमे, तुला हे ठाऊकच नाही की ते केव्हाचे लिहायला बसलेत. तुझ्या घरात आजारपण शिरलं त्याच्याही आधीपासून. आणि तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावून ठेवलंय. बापलेकींनी मिळून मला मधल्या मध्ये बरं अडकवलंत.

तो दिवस तुझ्यासारखाच मलाही लख्ख आठवतो. तुम्ही दोघं लग्न करून आलात. तो सोफ्याच्या कडेला अवघडून बसला होता. त्याला मराठीचा गंध नाही आणि आपल्या घरात इंग्रजी येणारी तू एकटीच. शर्ट कोरा, पाकिटातल्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात, आणि हे त्याच्याकडे न बघता तुला सांगतायत, ह्याला सांग, माझ्या घरात ह्याचं काही काम नाही, चहा पी म्हणावं आणि नीघ. तू गप्प बसलीस तर हे अडूनच बसले, सांग, शब्द न् शब्द सांग. आणि तू तरी कुणाची लेक, सांगितलंस शब्द न् शब्द. तो हसला नाही, रागावला नाही. चहा पुरता प्यायला, कप स्वतः आत आणून ठेवला आणि मला काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते मला आजवर माहीत नाही, कारण तू तोवर जिना उतरून खाली गेली होतीस. जाण्याआधी बापाला मात्र ऐकवून गेलीस, ह्यापुढे मी तुमच्या दोघांमध्ये भाषांतर करायला उभी राहणार नाही, काही बोलायचं असेल तर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोला. ते तू रागात बोललीस. ह्यांनी ते काम दिल्यासारखं ऐकून घेतलं, फक्त हातात घ्यायला वर्षं लावली.

मला कळलं ते कसं, ते ऐकशील तर हसशील. रोज संध्याकाळी ग्रंथालयात पेपर वाचायला जातो म्हणून सांगायचे. घरात पेपर येतो तरी! मी म्हटलं जाऊ दे, निवृत्त माणूस आहे, दोन तास घर मोकळं मिळतंय. मग एके सकाळी बाथरूममधून खणखणीत आवाज आला, 'डिअर सर'. मी गॅसजवळच थबकले. बाहेर आल्यावर चौकशी केली तर चोरी पकडल्यासारखा चेहरा. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर मोठ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाई म्हणजे तुझ्याहून लहान पोर. शेजारच्या बाकावर परदेशी जायला निघालेली एक नर्स आणि एक टॅक्सीवाला. दर आठवड्याला लिहायचा एक नवा प्रकार. निरोपाची चिठ्ठी, सहलीहून पाठवायचं कार्ड, सूचना, जाहिरात, तक्रार, आमंत्रण, आभार, माफी. सगळं पन्नास शब्दांत बसवायचं, एक शब्द जास्त झाला की बाई लाल रेघ मारतात.

कार्डाच्या आठवड्यात नर्सने बर्फ पाडला, टॅक्सीवाला समुद्रावर जाऊन आला, आणि तुझ्या बाबांनी लिहिलं की आम्ही घरीच आहोत, हवा बरी आहे, लिफ्ट चालू आहे. बाई म्हणाल्या, काका, कल्पना करा की. हे म्हणाले, नाही गेलो तर गेलो कसं लिहू? सूचनेत मात्र पहिले आले. 'दुरुस्तीसाठी लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व', लिफ्टच्या नोकरीत जन्मभर हेच तर दारावर चिकटवत आले. आणि तक्रारीत ह्यांचा हात कोण धरणार? पन्नासाचे दोनशे शब्द झाले. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, वरच्यांचं सामान सरकवणं, सगळं आलं. बाई म्हणाल्या, जरा नम्रपणे लिहा, तर घरी येऊन मला विचारतात, मी नम्र नाही का गं? मी भाजी चिरत राहिले.

मग आमंत्रणाचा धडा आला. कुणाला बोलवायचं ते ज्याने त्याने ठरवायचं होतं. मी टेबल पुसायला गेले तर वर त्याचं नाव लिहिलेलं. हो, आपल्या जावयाचं. किती नीट लिहिलं होतं, एकेक अक्षर सुटं सुटं, नकाशावर लिहावं तसं. खाली लिहिलं होतं की आमच्याकडे जेवायला यावं, तिलाही घेऊन यावं. तारखेची जागा कोरी. बाई म्हणे म्हणाल्या, तारीख आणि वेळ नसेल तर ते आमंत्रण होत नाही. हे पेन हातात धरून मला विचारतात, कुठली तारीख टाकू गं? लगेचची नको, आधी माफीचं पत्र जायला हवं, ते पोचेल, तो विचार करेल, त्यालाही वेळ द्यायला हवा. पुढच्या वर्षातली टाकू का? तेव्हा तू मला त्याच्या तपासण्यांचं सांगितलेलं होतंस. मी उभी होते फडकं घेऊन. टाका कुठलीही, असं मी म्हणाले आणि आत आले, आणि नळ सोडून रडून घेतलं.

त्या दिवसापासून मी मागे लागलेय. माफीचा धडा आधी करा, म्हटलं, मधले सोडा. पण ह्यांचा स्वभाव तुला सांगायला नको. आयुष्यभर लिफ्टची तपासणी केली ती ठरल्या क्रमाने, आधी दार, मग दोर, मग ब्रेक. वर माणसं अडकून ओरडत असली तरी ह्यांनी एक पायरी गाळली नाही, आणि ह्यांच्या हाताखालची एकही लिफ्ट कधी पडली नाही. तेव्हा त्याच स्वभावाचं मला केवढं कौतुक होतं! आता त्याच्यावरच डोकं आपटावंसं वाटतं. शेवटी मी गुपचूप बाईंना जाऊन भेटले. कारण सांगता येईना, नुसतंच म्हटलं, माफीचा धडा जरा पुढे घ्या हो. पोरगी शहाणी, तिने काही विचारलं नाही आणि त्याच आठवड्यात घेतला. काय झालं असेल? चेंडू लागून शेजाऱ्याची काच फुटली आहे, त्याची माफी मागा, असा प्रश्न होता. ह्यांनी त्या नसलेल्या शेजाऱ्याची अशी सुरेख माफी मागितली की बाईंनी ती वर्गात वाचून दाखवली. घरी आले ते कुरकुरतच, बाईंना शिस्त नाही, मधूनच धडा घेतला. मी म्हटलं, अहो, आता जमली आहे तर आपली खरी लिहून टाका ना! तर पुस्तक उघडून दाखवतात, आधी आभार आहे. मग म्हणाले, ज्याचे आभार मानले नाहीत त्याची माफी कुठल्या तोंडाने मागू?

ह्याला चूक कसं म्हणू, सांग. तेव्हापासून आभारावर अडलेत. पन्नास शब्द, आणि बाई म्हणतात एकाच गोष्टीचे आभार माना. एक कुठली, हे ह्यांचं ठरेना. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही कुणी नव्हतो, त्यानेच रजा काढून तुझं सगळं केलं, ते मी पूर्वी एकदा बोलले होते. तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं ह्यांनी. आता खोदून खोदून विचारतात. जेवायला काय करून घालायचा? केस विंचरून द्यायचा म्हणालीस ना, ते खरं का? मला माहीत होतं तेवढं सांगितलं, नव्हतं ते थोडं पदरचंही घातलं. लिहितात, शब्द मोजतात, खोडतात. मी पुस्तक चाळून पाहिलं, माफीच्या पुढे किती उरलंय ते. एकच धडा आहे, शेवटचा. सांत्वनाचं पत्र. मी पुस्तक मिटलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं.

आज दुपारी जाताना म्हणाले, बाई पुढचे दोन आठवडे गावाला चालल्यात, बरंच झालं, आभार नीट बसवता येतील, माफी त्या आल्यावर. इतके खुशीत होते गं! गेले काही दिवस जरा हलकेच झालेत. जिना चढताना काहीतरी पुटपुटत येतात, मला इंग्रजीत पाणी मागतात आणि मी समजले नाही की हसतात. आणि मी त्यांच्याकडे बघत असते आणि मला कालचे तुझे शब्द ऐकू येत असतात. कुणावर चिडू तेही कळत नाही. तुझ्यावर चिडावं तर तू त्याच्या उशाशी बसलेली, ह्यांच्यावर चिडावं तर ह्या वयात पोराटोरांत बसून शिकतायत. एवढी हतबल मी कधीच नव्हते, ठमे. माझ्या हातात काहीच नाही, आणि दोघांनी आपापली वचनं तेवढी माझ्या हातात दिलीत.

तर आता कान देऊन ऐक. हे इतकं लांबण लावलं ते एवढ्यासाठीच, की मी सांगायच्या आधी ह्यांनी काय काय केलंय ते तुला कळावं. दया म्हणून नाही, काही माहीत नसताना केलंय. उद्या सकाळी मी ह्यांना सगळं सांगणार आहे. तुझं वचन मोडणार आहे, आणि ह्यांचं तर आत्ताच मोडलं. तुला रागवायचं असेल तर सावकाश रागव, मी कुठे जात नाही. सांगून झालं की मी तुला फोन लावीन. तू फक्त तो त्याच्या कानाशी धर आणि बाजूला हो. भाषांतर करू नकोस, तुझी अट आहे तशीच राहू दे. हे मराठीतच बोलतील, दुसरं अजून नीट येत नाही, आणि त्याला त्यातला एक शब्द कळायचा नाही. मला माहीत आहे ते. पण ह्या आवाजात त्याने आजवर एकच गोष्ट ऐकलीय, नीघ म्हणून. जाण्याआधी त्याला दुसरं काहीतरी ऐकू दे.

तुझीच आणि तुम्हा सगळ्यांची,
आई