अर्धी पट्टी खाली

किलमिहिल,
२ नोव्हेंबर

प्रिय सेनन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी खुर्चीत बसला असशील आणि मग तुझ्या नूलाला हाक मारून विचारलं असशील, “कोण गेलं गं?” कुणी गेलेलं नाही. अठरा मैलांवरच्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र पाठवायची वेळ आली, कारण फोन केला तर तू “थांब, नूलाला देतो” म्हणतोस, आणि कुणाच्या अंत्यविधीला समोरासमोर आलो तर आपण पावसावर बोलतो. सहा वर्षं आपण पावसावरच बोलतोय. त्याच्याबद्दल नवं सांगण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलेलं नाही. आधीच सांगून ठेवते, हे माफीचं पत्र नव्हे. मी नवी कॉन्सर्टिना घेतली, ती कशी घेतली, एवढंच कळवायचं आहे.

माझी जुनी पेटी तुला आठवत असेल, दोन हातांत धरून दाबायची-ओढायची. तीस बटणं, त्यातली एकोणतीस चालणारी. भात्याला चीर गेली होती, त्यामुळे जरा जोर लावला की ती वाजायच्या आधी खोकायची. रविवारी दुपारी हेहिरच्या पबमध्ये आम्ही आठ-दहा जण वाजवायला बसतो, त्यात ती पेटी मांडीवर धरून मी इमानेइतबारे घाम गाळायचे. मार्चमधल्या एका रविवारी सगळे एक रील, ती धावती नाचाची चाल, वाजवत होते आणि मी चुकून भलतीच सुरू केली. चूक लक्षात आली तेव्हा म्हटलं, बघू तरी काय होतं. चाल तीनदा फिरली, तीनही वेळा मी शेवटपर्यंत भलतीच वाजवली. कुणाची भुवईसुद्धा हलली नाही. वर मार्टी क्वीली माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, “झकास साथ दिलीस, डिम्प्ना!” घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. नवी पेटी घ्यायची, पुरती अठ्ठेचाळीस बटणांची, आणि आवाज असा की मी चुकले तर लोकांना कळलं पाहिजे.

मार्टीला हे सांगितलं तर त्याने ग्लास खाली ठेवला. “घ्यायचीच आहे तर आता तरी आपल्याकडची घे,” म्हणाला. “तुझी ती इंग्लिश पेटी दाबली तरी तोच सूर, ओढली तरी तोच सूर. आमची दाबली की एक, ओढली की दुसरा, म्हणून ती आपोआप नाचते. तुझी काय, इस्त्री फिरवल्यासारखी जाते.” आता या वयात हात नव्याने काय शिकणार? अख्ख्या क्लेअर परगण्यात मी एकटी ही उलटी पेटी वाजवते, यात माझा काय दोष? फिलोमिना आत्या इंग्लंडात लीड्सला नर्स होती, तिने तिथल्या दुकानात जी मिळाली ती पार्सलने पाठवली. पेट्यांच्या दोन जाती असतात हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. ते कळेपर्यंत माझी बोटं बसून गेली होती. माझी पेटीसुद्धा नाचायची की, भाता नेमका ठोक्यावर उलटवला की. तो कधी उलटवायचा हे मला कुणी शिकवलं? तूच. स्वयंपाकघरात टेबलाखालून ठोक्याठोक्याला माझ्या पायावर टाच आपटायचास. माझ्या डाव्या पायाच्या करंगळीला त्या काळापासून नख नाही.

तर शोध सुरू झाला. पहिल्यांदा गेले एका कारागिराकडे. डोंगरावर शेड आहे त्याची, तिथे तो एकटा बसून एकेक रीड हाताने घासतो. पेटी म्हणशील तर लोण्यासारखी. म्हणाला, “चार वर्षं थांबावं लागेल.” मी म्हटलं, “अरे बाबा, मी एकोणसत्तर वर्षांची आहे.” त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “बरं, मग तीन.” मी उठून आले.

दुसरी मिळाली लिमरिकच्या एका व्यापाऱ्याकडे. जुनी, दोन्ही बाजूंना चकचकीत धातूची जाळी, भाता घट्ट, बटणं अशी की बोट नुसतं वर धरलं तरी वाजतील. पंधरा दिवस वापरून बघा म्हणाला. मी ती रविवारी हेहिरकडे नेली. काय आवाज, सेनन! पहिल्याच रीलला कोपऱ्यातला कुत्रा उठून बाहेर गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझा एकेक सूर सगळ्यांना ऐकू आला. रील संपल्यावर सगळ्यांनी आपापली वाद्यं खाली ठेवली. मग मार्टी म्हणाला, “डिम्प्ना, तू इतकी वर्षं हेच वाजवत होतीस?”

पण हसू नकोस. दुसऱ्या रविवारी मी जपून वाजवलं आणि सगळ्यांनी मान्य केलं की पेटी अव्वल आहे. सूर स्वच्छ, पट्टी सगळ्यांशी जुळणारी, आवाज अ‍ॅकॉर्डियनलाही न दबणारा. शहाण्या बाईने तीच घेतली असती. मी व्यापाऱ्याला तसं सांगूनही टाकलं होतं. त्याच आठवड्यात किलरशहून कॉन्सेप्टा टाल्टीचा फोन आला. मिक टाल्टी गेला, त्याची ही बायको. म्हणाली, “तुझ्या जातीची एक पेटी आमच्या चादरींच्या कपाटात आहे. बघून तरी जा.”

ते सांगण्याआधी सहा वर्षांपूर्वी बाबांना जाऊन महिना झाला तेव्हा चर्चमध्ये जी मासची प्रार्थना झाली, तिच्याबद्दल मला बोलायला हवं. तू पत्र चुरगळू नकोस, एकच परिच्छेद आहे. पोस्टमन ओ’डिया एका नाताळात बाबांच्या फिडलवर, त्या जुन्या व्हायोलिनवर, बसला, तेव्हापासून तिच्या पोटाला चीर होती आणि ताण नको म्हणून बाबा ती कायम अर्धी पट्टी खाली लावायचे. त्यामुळे माझी पेटी तिच्याशी कधी जुळलीच नाही. तू तुझी फिडल माझ्या सुराला वर चढवायचास आणि आपण दोघं वाजवायचो. बाबा भिंतीपलीकडे एकटे वाजवायचे. मी कितीदा त्या भिंतीला टेकून मांडीवर पेटी घेऊन बसले आहे आणि एकही बटण दाबता आलेलं नाही. मासच्या दिवशी तुला बाबांच्या फिडलवर एकट्याने वाजवायचं होतं. मी म्हटलं, “मी थोरली आहे, मीही वाजवणार.” तू म्हणालास, “तायडे, ती वर चढवली तर उकलेल.” मी म्हटलं, “नाही उकलत.” तू खुंट्या पिळल्यास. चर्चच्या माडीवर फिडल उकलल्याचा तो जो आवाज झाला, तो खाली फादरनाही ऐकू गेला. मग तू सगळ्यांदेखत म्हणालास, “जन्मभर मीच तुझ्या सुराला खुंट्या पिळत आलो. तू एकदा तरी कुणासाठी अर्धी पट्टी खाली उतरलीस?” आणि मी म्हटलं, “माझ्या पेटीला खुंट्याच नाहीत!” या उत्तरावर मी सहा वर्षं खूश होते. बरोबरच होतं ते. म्हणूनच फार वाईट होतं.

तर कॉन्सेप्टा. पहिला चहा नको म्हटला, दुसरा नको म्हटला, तिसऱ्याला शहाण्यासारखा घेतला, सोबत हॅम सँडविच आणि सफरचंदाचा टार्ट. तेवढं पोटात गेल्याशिवाय पेटीचं नाव काढायचं नाही, हे तुला माहीत आहेच. मग तिने चादरींमधून ती काढली. काळ्या लाकडाची, सहा कोनांची, भात्याची कातडी हातमोज्यासारखी मऊ. आवाज धातूवालीच्या निम्मा, पण गोल. मी एक चाल वाजवली आणि थांबले. म्हटलं, “कॉन्सेप्टा, ही खाली लागलीय.” ती म्हणाली, “पुरी अर्धी पट्टी. मिकच्या दोस्ताचे पाइप्स, ते पिशवीवाले, खालच्या पट्टीचे होते, त्याच्यासाठी मिकने हिचे सगळे रीड घासून खाली उतरवून घेतले. आजवर चौघं येऊन गेले. चौघंही म्हणाले, घेतो आणि वर चढवून घेतो. चौघांना टार्ट देऊन परत पाठवलं.” मी विचारलं, “पण अशी पेटी घेऊन मिक इतरांत वाजवायचा कसा?” ती म्हणाली, “नव्हताच वाजवत. त्या एकाबरोबर वाजवायचा. एक पुरतो गं.”

मी ती घेतली. लिमरिकच्या माणसाने फोनवर एक मोठा सुस्कारा सोडला. मार्टीने ती हेहिरकडे ऐकली आणि म्हणाला, “वीस वर्षं तू ऐकू येत नव्हतीस, आता ऐकू येतेस तर आमच्यात बसत नाहीस. बाई गं, तू वाद्य निवडतेस की आमचा छळ?” पबमध्ये माझी खुर्ची अजून आहे, पण मी तिच्यावर नुसती बसते आणि चहा पिते. गावात आता ठाम मत झालंय की डिम्प्ना ऐकायला कमी येण्याच्या वयाला पोचली. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं.

ऑक्टोबरमधला तो मंगळवार आठवतो का, तू मागच्या खोलीत दार लावून बाबांची ती संथ चाल वाजवत होतास आणि मध्येच थांबून ओरडलास, “नूला, तो टीव्ही बंद कर!” टीव्ही नव्हता तो. मी होते. पेटी घ्यायच्या आधी कॉन्सेप्टाच्या स्वयंपाकघरात बसून मी नूलाला फोन केला होता. म्हटलं, “सेनन काय करतोय?” ती म्हणाली, “दुसरं काय करणार? दाराआड वाजवतोय. सहा वर्षं मी नवऱ्याशी नाही, त्या दाराशी संसार करतेय.” मी म्हटलं, “फोन मोठ्याने कर आणि त्या दाराला लाव.” ती म्हणाली, “डोकं ठिकाणावर आहे ना, वन्सं?” पण लावला. कॉर्क शहरातल्या कारागिराने बाबांच्या फिडलची चीर सांधताना ‘अर्धी पट्टी खाली, याच्यावर कधीच नाही’ असं तुला बजावलं, हे तिनेच मला मागे सांगितलं होतं. दोन सूर जरासे वेगळे असले की मधे जी थरथर उठते, तिची वाट बघत मी बटण दाबलं. थरथर उठली नाही, सेनन. दोन्ही मिळून एकच सूर जाड झाला. मी कॉन्सेप्टाच्या टार्टवर रडले, तिने दुसरा तुकडा वाढला. मला माफ कर. वर काय लिहिलंय ते मला आठवतंय, तरी माफ कर. ही पेटी जगात कुणाशी जुळत नाही, फक्त तुझ्या हातातल्या त्या फिडलशी जुळते, आणि त्या फिडलबरोबर मी आजवर एकदाही वाजवलेलं नाही. गुरुवारी तीन वाजता मी येतेय. नूलाला माहीत आहे, ती ब्राउन ब्रेड करणार आहे. दार उघडं ठेव, जड बूट घाल, आणि खुंट्यांना हात लावू नकोस.

तुझीच हट्टी बहीण,
डिम्प्ना