गोगलगाय जागी कशाने होते

३ फेब्रुवारी
लेकीने मसुदा पाठवला. गोगलगायींवर! इतक्या लांब जाऊन, एवढं शिकून, गोगलगायींच्या मागे लागली आहे. नियतकालिकाला तिच्या लेखाचा सारांश सोप्या भाषेत हवाय म्हणे. "बाबा, तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल," म्हणाली. हा मान की अपमान, ठरवतोय.

४ फेब्रुवारी
वाचला. कडक उन्हाळ्यात गोगलगाय शंखाचं तोंड पापुद्र्याने बंद करून घेते आणि महिनोन्महिने झोपते. छान लिहिलंय. पण ती जागी कशाने होते, ते कुठेच नाही! जन्मभर कॉलेजात मुलांचे निबंध तपासले, अशी चूक माझ्या नजरेतून सुटत नाही.

फोन करायला उठलो आणि पुन्हा बसलो. एवढं सांगितलं की काम संपलं. मग परत रविवारचा तो दोन मिनिटांचा फोन — जेवलात का, गोळ्या घेतल्या का. ही होती तेव्हा मायलेकी तासभर बोलायच्या, शेवटी फोन माझ्या हातात यायचा. ही गेली आणि आम्हा दोघांना विषयच उरला नाही. फार आठवण येते पोरीची.

तर सांगितलं, पहिलं वाक्य लांबलंय.

९ फेब्रुवारी
सुधारून आला. आता पापुद्र्यासाठी वापरलेल्या 'पटल' शब्दाला हरकत घेतली. पाऊण तास वाद! हरायला लागली की हसते, थेट आईसारखी. फोन ठेवल्यावर घर नकोसं झालं.

१५ फेब्रुवारी
स्वल्पविरामांवरून भांडलो. मध्येच म्हणाली, एक गोगलगाय घरी पाळली आहे आणि तिला माझं नाव दिलंय. का, तर हाक मारली की आत जाते!

२० फेब्रुवारी
तिचं काम अडवून बसलोय. बाप आहे की कोण! उद्या सांगून टाकतो.

२१ फेब्रुवारी
सांगितलं. म्हणाली, "सापडलं का शेवटी?" आवाज पडलेला. चूक मनाला लागली असावी.

२५ फेब्रुवारी
फोन नाही.

२६ फेब्रुवारी
कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी अंक पुढे केला, म्हणाले, "अभिनंदन, लेकीचा लेख आलाय." अंक डिसेंबरचा! माझ्याकडे मसुदा यायच्या कितीतरी आधीचा. सारांशाचं शेवटचं वाक्य — ओल लागली की गोगलगाय जागी होते.

घरी येऊन फोन लावला. म्हटलं, मसुदा पुन्हा पाठव. दुसरा परिच्छेद काही जमलेला नाही.