तिसऱ्यांदा नाही म्हणेपर्यंत

४ सप्टेंबर
वरच्या खोलीत विद्यार्थिनी आली. वेन्ला नाव, फिनलंडची. गॉलवेच्या कॉलेजात समुद्रातल्या शेवाळावर चार वर्षं अभ्यास करणार. शेवाळावर. चार वर्षं. बायको, मॉरीन, गेल्यापासून घरात बोलायला रेडिओ तेवढा आहे, म्हणून खोली दिली.
संध्याकाळी जेवायला बसलो. मटणाचा एकच चॉप होता. रीत म्हणून विचारलं, घेणार का? हो, थँक यू, म्हणाली आणि खुर्ची ओढून बसलीच. पहिल्याच विचारण्याला हो. एकोणसत्तर वर्षांत आयर्लंडमध्ये असं कुणी केलेलं मी पाहिलं नाही. चॉप छान झाला होता, असं तिच्याकडून कळलं. मी बटाटे खाल्ले.

५ सप्टेंबर
झोप लागली नाही. ठरवलं, पोरीला वळण लावायचं. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली, पण जन्मभर या गावात टपाल वाटलं. माणूस तोंडाने काय बोलतो आणि पोटात काय ठेवतो, हे मला कुणी शिकवायला नको.
न्याहारीला पहिला धडा दिला. कुणी काही देऊ केलं की पहिलं नाही शिष्टाचाराचं. दुसरं नाही नम्रपणाचं. तिसऱ्यांदा विचारलं की, बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर, म्हणून घ्यायचं. तिने विचारलं, आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर? मी म्हटलं, तर त्या बिचाऱ्याला खरंच नको असतं, मग त्याचा पिच्छा सोडायचा. तिने मान डोलावली. डोक्यात कितपत शिरलं, देव जाणे.

१२ सप्टेंबर
शरमेने मान खाली. लॉर्कन खाटकाने तिला दुकानात विचारलं, काय, कशी आहेस? तिने सांगितलं. पोट बिघडलंय, उशी टणक आहे, घरची आठवण येते. मागे रांग दारापर्यंत. उशी माझी.
घरी आल्यावर दुसरा धडा. कशी आहेस, याला उत्तर एकच, मस्त. पाय मोडला असला तरी मस्त. ती म्हणाली, मग विचारतात कशाला? उद्धट आहे.
लॉर्कनने तिला पोटासाठी सूप करायला हाडं बांधून दिली म्हणे. फुकट. मला इतक्या वर्षांत एक हाडूक दिलं नाही. अर्थात मी नेहमी मस्तच असतो.

२० सप्टेंबर
समोरची अट्रॅक्टा गिलमार्टिन. हिने माझ्या कुंपणाच्या फांद्या न विचारता छाटल्या, तेव्हापासून आम्ही एकमेकांशी फार गोड बोलतो. आज तिने वेन्लाला रस्त्यात गाठून सांगितलं, ये गं कधीतरी चहाला. याचा अर्थ लहान मूलसुद्धा सांगेल: चल, मला उशीर होतोय. वेन्ला संध्याकाळी गेली की चहाला. मी पडद्याआड उभा. म्हटलं, आता बाई हिला वाटेला लावते.
परतली ती सफरचंदाचा अर्धा टार्ट घेऊन. म्हणे अट्रॅक्टाच्या डोळ्यांत पाणी आलं, ये म्हटल्यावर खरोखर येणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटलं. नाटकी आहे बाई.
टार्ट घेणार का, वेन्लाने विचारलं. शत्रूच्या घरचा. मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं, मग घेतला. शिकवणी लागू पडते आहे. टार्टमध्ये दालचिनी जास्त.

८ ऑक्टोबर
मोठी बातमी. कॉइन मास्तर मुलीकडे स्लायगोला राहायला चालले. म्हणजे आमच्या स्वच्छ गाव समितीचं अध्यक्षपद रिकामं.
ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला ते पद हवं आहे. पुलावरच्या फुलांच्या कुंड्या मॉरीनने लावल्या होत्या. आता त्यात सिगारेटची थोटकं असतात, आणि समिती त्यावर चर्चा करते. मॉरीन म्हणायची, त्या खुर्चीत एक दिवस तू बसशील, मॅलकी, फक्त घाई करू नकोस. घाई केली नाही. आता ती बघायला नाही.
मागून मात्र काही मिळत नाही. इथे जो मागतो त्याला गाव जन्मभर हसतं. आपण नको नको म्हणायचं, लोकांनी दंडाला धरून खुर्चीपाशी न्यायचं. अट्रॅक्टाला हे जमणार नाही. तिच्या तोंडावर हाव दिसते.

१९ ऑक्टोबर
न्हाणीघराच्या आरशासमोर तालीम. छे छे, मी कसला अध्यक्ष, तरुणांना पुढे येऊ द्या. मग, अहो नको, माझे गुडघे बघा. मग मोठा सुस्कारा, आणि: बरं, तुमचं अगदीच अडलं असेल तर. शेवटचं वाक्य उत्तम जमलं. दोनदा म्हटलं. दार उघडं होतं. बाहेर वेन्ला टूथब्रश घेऊन उभी.
चहाला बसल्यावर तिने तोंडावर विचारलं, तुम्हाला अध्यक्ष व्हायचंय का? असलं कुणी विचारतं? नाही, म्हटलं. पुन्हा विचारलं. नाही. मग कप बाजूला ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, मिस्टर फाही, अगदी खरंच नाही? मी म्हटलं, अगं बाई, मुळीच नाही. तिने मान डोलावली आणि कप धुवायला उचलला. माझ्या साधेपणाचा परिणाम झाला असावा. गावात बोलेल चार ठिकाणी. बरंच आहे.

२ नोव्हेंबर
वेन्ला दर शनिवारी अट्रॅक्टाबरोबर रस्त्यावरचा कचरा उचलते. पूल घासून काढला म्हणे. विनाकारण पुढेपुढे. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायला मी शिकवलं, तर आता तो हिच्यासाठी थांबा नसलेल्या जागी गाडी उभी करतो. सगळं श्रेय शिकवणाऱ्याचं, पण ते कोण बोलणार.
कोट इस्त्रीला दिला. तिला सभेला नेणार आहे. गोष्टी कशा करायच्या असतात, हे डोळ्यांनी बघू दे.

१४ नोव्हेंबर
सभा झाली. लगेच लिहून टाकतो.
चर्चचा पॅरिश हॉल भरलेला. लॉर्कनने माझं नाव सुचवलं. मी म्हटलं, छे छे, तरुणांना पुढे येऊ द्या. लोक हसले, छान हसले. मग अट्रॅक्टाच उठली. हो, तीच. म्हणाली, अहो मॅलकी, आता नको म्हणू नका, मॉरीनच्या कुंड्यांकडे तुमच्याशिवाय कोण बघणार? ही बाई असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. तरी रीत ती रीत. म्हटलं, अहो नको, माझे गुडघे बघा. आणि सुस्काऱ्यासाठी श्वास आत घेतला.
तेवढ्यात वेन्ला उभी राहिली. म्हणाली, कृपा करून त्यांना आग्रह करू नका. मी त्यांना घरी विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदाही नाही म्हणाले. त्यांना खरंच नको आहे.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत घेतलेला श्वास माझ्या छातीतच. आता तोंड उघडून काय सांगणार? की मला हवंय? मी म्हटलं, पोरीचं बरोबर आहे.
लॉर्कन म्हणाला, तीनदा नाही म्हटलं, मग संपलंच. अट्रॅक्टा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग वेन्लाकडे वळली. तूच का होत नाहीस? पूल तूच घासलास. वेन्ला म्हणाली, छे छे, मी कसली अध्यक्ष, मी विद्यार्थिनी. पुन्हा विचारलं. अहो नको, मला इथलं काय कळतं. लोकांना फार आवडलं. मागून कुणीतरी म्हणालं, बघा, किती चांगलं वळण आहे. तिसऱ्यांदा सगळ्या हॉलनेच विचारलं. तिने सुस्कारा सोडला. माझा सुस्कारा. बरं, म्हणाली, तुमचं अगदीच अडलं असेल तर.
टाळ्या. मीही वाजवल्या.

१५ नोव्हेंबर
सकाळी स्वयंपाकघरात वेन्ला, खूश. म्हणाली, मी काल वेळेवर बोलले ना? नाहीतर त्यांनी तुम्हाला खुर्चीत कोंबलंच असतं. मी म्हटलं, मस्त. पहिलं काम ठरलंय, म्हणाली, मॉरीनच्या कुंड्या. त्यात कुठली फुलं होती, ते तुम्ही सांगाल ना? मी पावाला लोणी लावत राहिलो.
चहा घेणार का, तिने विचारलं. रागात होतो. नाही म्हटलं. पुन्हा विचारलं. नाही. टेबलाला टेकून, हळू आवाजात, तिसऱ्यांदा विचारलं. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, नाही.
तिने मान डोलावली, स्वतःपुरता चहा केला आणि दार लोटून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.
फुलं जिरेनियम होती, तांबडी. संध्याकाळी सांगेन, तिने पुन्हा विचारलं तर.
चहाची तल्लफ आली आहे. पण केटल लावली तर आवाज बाहेर जाईल. ती कॉलेजला जाईपर्यंत दम धरायचा.
आत्ता लक्षात आलं, आज रविवार.