करकोचा दिसेपर्यंत

२८ फेब्रुवारी
पोचले एकदाची प्लोवदिवला! तंबाखूच्या जुन्या गोदामातली वरची खोली तीन आठवडे माझी. एक अख्खी भिंत म्हणजे पडदा, भोवती सहा कॅमेरे. मी हात हलवला की पडद्यावरची मीही हलवते, मग तिचा हात सुटून एकटाच तरंगत जातो. माझं शरीर नेमकं कुठे संपतं, हे लोकांना दाखवायचंय. २० मार्चला प्रदर्शन. आयुष्यातलं पहिलंच, त्यामुळे फजिती परवडणार नाही.

१ मार्च
गोदाम सांभाळणाऱ्या त्सोंकामावशींनी उजव्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला, चीज भरलेली गरम बानित्सा खाऊ घातली. वसंत घेऊन येणारा करकोचा दिसल्याशिवाय दोरा काढायचा नाही, मग बहरलेल्या झाडाला बांधायचा, असं बजावलं. जशी काही मी बल्गेरियात जन्मलेच नाही.

६ मार्च
लाल दोऱ्याने कॅमेरे गोंधळतात, पडद्यावरचं मनगट सारखं उडतं. डोकं पिकलं. शेवटी कात्रीने दोरा कापून कचऱ्यात टाकला. मावशी चिडल्या, करकोच्याची एवढीशी वाट बघवली नाही का म्हणाल्या. पडद्यावरच्या मनगटावर मात्र दोरा तसाच आहे.

९ मार्च
सगळं पुसून नव्याने चित्रण केलं. दोरा आहेच. प्रदर्शन भरवणारा एवतीम म्हणे, छान दिसतोय, राहू दे. याचं काय जातंय सांगायला!

१३ मार्च
पडद्यावरची ती आता माझ्याआधी हात उचलते. एवतीमला बोलावून दाखवलं. त्याने दोनदा पाहिलं, खांदे उडवले.
"ती वेळेवर आहे, रालित्सा. उशीर तुझ्याकडून होतोय."
संतापाने रडूच आलं.

१६ मार्च
उजवी बोटं बधिर. डाव्या हाताने लिहितेय. तिचं मनगट स्पष्ट. माझं — नीट दिसतच नाही.

१८ मार्च
यंत्र बंद केलं. एवतीमने परत लावलं, परवा प्रदर्शन आहे म्हणाला. मावशींकडे नवा दोरा मागितला. त्या म्हणाल्या, कालच तर पाहिला तुझ्या हातावर, अंगणात.
काल मी खोलीबाहेर पडलेच नव्हते.

२० मार्च
खाली मावशी ओरडल्या, करकोचा आला. माझे पाय उचलत नाहीत. खिडकीतून दिसतंय — मी. बहरलेल्या झाडाखाली, मनगटावरचा दोरा सोडतेय. मावशी तिला जवळ घेतात. "शहाणी गं माझी. थांबलीस ना शेवटी."
पडद्यावर खोली. टेबल, ही वही. खुर्ची रिकामी —
मावशी, ती मी नाही. मी इथे, वर —
दोरा झाडाला गुंडाळला तिने. आता गाठ मार