धावपट्टी बंद होती त्या दिवशी

प्रिय दादा,

उद्या मी हवाई दलाच्या अकादमीत रुजू व्हायला निघतेय. तू गेला होतास तिथंच, उडायलाच. बॅग भरून झाली. निघण्याआधी तुला एक विचारायचं राहिलंय, म्हणून लिहितेय.

खराडीत आपल्या घरावरून विमान गेलं की तू उष्ट्या हातानं गच्चीवर पळायचास. बाबांना वाटायचं, पोरगा शेजारच्या आयटी पार्कात चिकटेल. तू त्यांना समजावलंस की वैमानिक व्हायचं तर हवाई दलासारखा रस्ता नाही. उडायला तेच शिकवतात, पुढं वाटलं तर प्रवासी विमानं चालवता येतील. पुढं असणारच, याची तुला किती खात्री होती रे!

प्रशिक्षणाच्या उड्डाणात तुझं विमान पडलं. तुला आणलं ती पेटी कुणी उघडू दिली नाही. आई तिच्यावर हात ठेवून बसली, पण रडली नाही. पुढं कित्येक महिने एकच म्हणायची, तो अजून उतरला नाही. आम्ही तिला समजावणं सोडून दिलं.

माझी निवड झाल्याचं कळलं तेव्हा तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. बाबा मध्ये पडले, तर त्यांच्याशीही.

मग तो दिवस आला. आपल्या जवळच्या विमानतळावर धावपट्टीच्या कामासाठी सगळी उड्डाणं बंद होती. सकाळपासून आभाळ विचित्र गप्प होतं. भर दुपारी मी आणि आई गच्चीत गहू पसरत होतो. आधी कबुतरं उठली. खालचा कुत्रा भुंकता भुंकता थांबला. आणि लांबून आवाज आला, आपल्याच घराकडे येणारा. पायाखालची फरशी थरथरली. वर नुसतं ऊन होतं. विमान नाही, सावलीसुद्धा नाही. आवाज डोक्यावर आला, घराभोवती फिरला आणि निघून गेला.

समोरच्या गच्चीतल्या काकू फोनवर बोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

मी आईकडे पाहिलं. ती आभाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"तुला बी ऐकू येतो?"

मी हो म्हटलं. ती म्हणाली, तो रोज येतो, चकरा मारतो आणि खाली जागाच नसल्यासारखा परत जातो. इतके दिवस तिला वाटत होतं, आपलंच डोकं फिरलंय. मग ती पुन्हा गहू सारखे करायला लागली आणि माझ्याकडे न बघताच बोलली, "जा तू. पर उतरायचं कसं, ते आधी नीट शिकून घे."

दादा, तू रोज कुणासाठी येतोस? आईसाठी, की मला न्यायला? त्या दिवसापासून मला गच्चीत एकटीनं जाववत नाही. आणि तरीही त्याच आभाळात निघालेय. उडायचं वेड तुझ्यामुळं लागलं, पण आता ते माझं आहे. एवढं तुला कळायला हवं.

शब्द देते. प्रत्येक उड्डाणानंतर पाय जमिनीला लागले की पहिला फोन आईला करीन. वर कधी शेजारून तुझा आवाज आला, तरी तुझ्या मागं येणार नाही. समोर धावपट्टी दिसली की उतरेन.

तुला जमलं, तर माझ्या मागोमाग उतर.

तुझी,
मनू